पत्र्याच्या डब्यातली माणसं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलताना जे राहून गेले ते लिहिताना भरून काढले आहे.)



समितीने मला सांगितले, दादा, तुम्ही विहाराच्या इतिहासावर बोला. मी दोन रात्री कागद घेऊन बसलो. वर्गणीच्या वह्या काढल्या, पावत्या काढल्या. पत्रे किती आणले, सिमेंटच्या गोणी किती लागल्या, कोणी एकावन्न रुपये दिले आणि कोणी नुसतेच कबूल केले, सगळे त्यात लिहिलेले आहे. पण ते वाचून दाखवले तर तुम्ही सगळे पंगतीच्या दिशेने बघत बसाल हे मला ठाऊक आहे. म्हणून वह्या घरी ठेवल्या आणि हा डबा घेऊन आलो.

हा बिस्किटाचा पत्र्याचा डबा माझ्या बाबांचा. यात एक्केचाळीस फोटो आहेत. मागच्या महिन्यात माझी मुलगी माहेरपणाला आली होती, तिने डबा उघडला आणि एकेक फोटो वर धरून विचारायला लागली, बाबा हे कोण? बाबा या कोण? एक्केचाळीसपैकी चौदा फोटोंत अशी माणसे निघाली की ज्यांची नावे मला सांगता येईनात. माझे वय सत्तावन्न. आमच्या घरात आता माझ्यापेक्षा मोठे कोणी नाही. मला ठाऊक नसेल तर विचारायचे कोणाला? त्या रात्री झोप लागली नाही, खरे सांगतो.

आता डब्यातला सगळ्यात जुना फोटो बघा. मागे बसलेल्यांना दिसणार नाही, नंतर हातोहात फिरवू, फक्त तेलकट हाताने धरू नका. यात चार तरुण आहेत. डावीकडून दुसरे ते आमचे बाबा, वय अठरा. शेजारी माझे थोरले चुलते. बाकीचे दोघे बाबांच्या खोलीतले गाववाले, त्यांची नावे हरवली. फोटो डिसेंबर १९५६ चा. बाबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला येऊन दोनच वर्षे झाली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यविधी झाला, आणि तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखभर लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्या गर्दीत बाबा होते. दोन दिवस चुलीवर काही चढले नाही, असे ते सांगायचे. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी हे चौघे परळच्या एका स्टुडिओत गेले. पांढरे कपडे घालून, आम्ही आता बौद्ध झालो याची खूण म्हणून फोटो काढायचा, अशी त्यांची कल्पना.

चौघांच्या सदऱ्याच्या खिशाला फौंटन पेन आहे, बघा. लहानपणी मला वाटायचे, आमचे बाबा तेव्हा केवढे शिकलेले असतील! मोठेपणी कळले की पेन स्टुडिओवाल्याचे. त्याच्याकडे कोट, टाय, घड्याळ, पेन असे सगळे सामान भाड्याने मिळायचे. कोटाला चार आणे जास्त म्हणून यांनी नुसते पेन घेतले. त्या दिवशी चौघांपैकी एकालाही सही येत नव्हती. पुढे वर्षभराने बाबा रात्रशाळेत जायला लागले आणि सही शिकले. पगाराच्या कागदावर अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही केली तेव्हा कारकुनाने मान वर करून पाहिले, हे ते मरेपर्यंत सांगत होते. तेव्हा कोणी ते उसने पेन बघून हसू नका.

फोटोवरून आठवले. आपल्यापैकी बऱ्याच घरांत बाबासाहेबांचा राजगृहातला कुटुंबाबरोबरचा फोटो आहे. तो फेब्रुवारी १९३४ मधला. डावीकडून यशवंतराव, मग बाबासाहेब, रमाई, भावजय लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव, आणि त्यांचा लाडका कुत्रा टॉबी. आपण त्याला हार घालतो, पण नीट बघत नाही. रमाईंचा चेहरा एकदा जवळून बघा. बाबासाहेब आणि रमाईंची चार मुले लहानपणीच गेली, ती या फोटोत नाहीत. आणि हा फोटो काढल्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. फोटो काढणाऱ्याला काय ठाऊक होते? त्याने फक्त हलू नका म्हणून सांगितले असेल.

आणखी एक नाव या निमित्ताने घ्यायला पाहिजे. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण ज्यांनी पदरमोड करून केले ते नामदेवराव व्हटकर. आज मोबाइलवर आपण ती हलती दृश्ये बघतो आणि पुढे सरकतो. त्या दिवशी कॅमेरा आणायचा, फिल्म विकत घ्यायची म्हणजे पैशाचे काम होते. ते त्यांनी केले म्हणून आपल्या नातवंडांना ती गर्दी दिसते. मी त्या दृश्यांत बाबांना पुष्कळदा शोधले. नुसती डोकीच डोकी. सापडले नाहीत.

दुसरा फोटो गिरणीतला, १९७४ चा. रिंग खाते, जुनी माणसे त्याला त्रासन म्हणायची. कोणाचा तरी निरोप समारंभ आहे. पुढे खुर्च्यांवर साहेब मंडळी आणि हेड जॉबर, मागे दोन रांगांत कामगार, सगळ्यात मागे बाकड्यावर उभे असलेले बाबा. तुम्ही विचाराल, सगळे आपलेच लोक रिंग खात्यात कसे? त्याला कारण आहे. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, धोट्यात नवी बॉबिन घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे. आपल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा दुसरे वापरणार कसे, म्हणून आपल्याला साच्यावर घेतच नसत. पगार मात्र साच्यावर जास्त. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला होता. बाबा लागले तोवर कायदा बदलला होता, पण खाती तशीच राहिली होती. एका तोंडच्या थुंकीपायी आमच्या दोन पिढ्यांचा पगार कमी राहिला, हे या फोटोत कोण कुठे उभे आहे त्यावरून कळते. मी स्वतः १९८८ ला बदली म्हणून लागलो तो रिंगमध्येच. आमची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. माझ्या पासावरचा फोटो डब्यात आहे, पण तो दाखवत नाही. केस भांगाच्या त्या बाजूला होते आणि होते एवढेच.

१९८२ ते १९८४ या काळातला एकही फोटो डब्यात नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. घरातली पितळेची भांडी एकेक करून गेली. हंडा गेला, कळशी गेली, शेवटी आयेने परात पदराखाली झाकून नेली, कारण शेजाऱ्यांना दिसू नये. शेजारी पण तेच करत होते हे तिला ठाऊक होते, तरी. असल्या दिवसांचे फोटो कोण काढतो? पण त्या दोन वर्षांची माझ्या मनात जी माणसे आहेत त्यांत एक माझा दोस्त आहे. आमच्या चाळीत, आमच्यापासून तिसरी खोली. त्याची आई भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलायची, म्हणून त्यांच्याकडे संध्याकाळी काहीतरी शिजायचे. तो आपल्या ताटातली अर्धी भाकर घेऊन गॅलरीत यायचा आणि मला म्हणायचा, माझे पोट दुखते रे, तू खा. रोज कसे पोट दुखेल? मी पण विचारले नाही. त्याच्याबद्दल पुढे सांगतो, कारण आजचे भाषण त्याच्यासाठीच आहे.

त्याच्या आधी आयेचे सांगतो. आमच्या आयेचा, माझ्या आईचा, या एक्केचाळीस फोटोंत एकही फोटो नाही. बाबांचे सात आहेत. चुलत्यांचे चार. माझ्या लग्नाच्या फोटोंत आये आहे, पण पाठमोरी, वाढपातल्या बायकांना काहीतरी सांगताना. फोटोवाला आला की ती चुलीकडे जायची. माझा काय फोटो काढायचा, म्हणायची. तिचा पहिला आणि शेवटचा फोटो सरकारने काढला. शेषन साहेब निवडणूक आयुक्त असताना मतदार ओळखपत्रे सुरू झाली, तेव्हा आम्ही नुकतेच करावे गावात राहायला आलो होतो. शाळेत रांग लावून फोटो काढत होते. ती पदर सारखा करून खुर्चीवर बसली आणि फोटोवाल्याकडे अशी रागाने बघते आहे, जणू त्याने रेशनचे रॉकेल कमी मोजले. २००९ साली ती गेली, तेव्हा तोच तिकिटाएवढा फोटो मोठा करून आणला. भिंतीवर लावलाय तो हाच. मोठा करताना ठिपके ठिपके झाले. माझी नात विचारते, पणजी रागावली होती का? मी सांगतो, नाही ग, ती घाईत होती.

तुम्ही प्रत्येकाने घरी जाऊन मोजा. तुमच्या आजीचे फोटो किती आणि आजोबांचे किती. मी करावे, दारावे, नेरूळ मिळून आपल्या अकरा घरांत मोजले. आठ घरांत आजीचा एकही नव्हता.

आता आपल्या विहाराचा फोटो. हा बघा. हा अर्धाच आहे, उजवीकडची कड वाकडी कापलेली दिसते.

१९९२ साली मानखुर्दवरून वाशीला रेल्वे आली, पुढच्या वर्षी ती नेरूळ, बेलापूरपर्यंत गेली. माझा दोस्त आधीच इकडे आला होता, सिडकोच्या बांधकामांवर मिळेल ते काम करत होता. त्यानेच मला सांगितले, परळच्या एका खोलीत दहा माणसे काय राहता, इकडे ये. त्यानेच मला गावठाणात भाड्याची खोली बघून दिली, अनामत रकमेतले निम्मे पैसेही त्याचेच. मी नेरूळवरून कुर्ला, कुर्ल्याहून परळ अशी पाळी करायचो. पहिल्या पाळीला पहाटे निघताना खाडीकडून वारा यायचा, तेव्हा इकडे आताएवढे टॉवर नव्हते. नंतर आम्ही पंधरा-वीस घरांनी मिळून विहाराचे मनावर घेतले. चार खांब, वर पत्रे, खाली कोबा. कोब्याला पैसे कमी पडले तेव्हा मोठी आय उठली. जुन्या लोकांना आठवत असेल, आम्ही सगळे तिला मोठी आयच म्हणायचो. बिल्डिंगच्या कामावर बिगारी होती, डोक्यावर घमेले वाहून मानेला घट्टे पडलेले. तिने हातातले चांदीचे गोठ काढले आणि वहीवर ठेवले. वहीत नोंद आहे, पण नोंद नुसती ‘चांदी, एक जोड’ अशी आहे. नाव लिहिणाऱ्याने लिहिले नाही. वही लिहिणारा मीच.

कोबा झाला त्या दिवशी फोटो काढला. नेरूळहून फोटोवाला बोलावला, कलर फोटो. एकोणीस माणसे. उजव्या टोकाला माझा दोस्त, आणि त्याच्या मागे दुसऱ्या रांगेत मोठी आय. फोटोवाल्याने दोन प्रती दिल्या. एक त्याने ठेवली, एक मी.

पुढचे सांगायला जड जाते, पण समितीला मी आधीच सांगितले होते की हे सांगणार असेन तरच बोलेन. आपला रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि दोन-तीन वर्षांतच फुटला. आमच्या पिढीने ऐक्य पाहिले, १९९८ साली एकदम चार खासदार निवडून आलेले पाहिले, आणि पुन्हा तुकडे झालेले पाहिले. वरचे पुढारी एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसत होते आणि खाली आम्ही एकमेकांचे गळे धरत होतो. १९९९ च्या जयंतीला मिरवणुकीत कोणत्या गटाचा बॅनर पुढे ठेवायचा यावरून माझे आणि त्याचे भांडण झाले. या माइकवरून, म्हणजे याच्या आधीच्या माइकवरून, मी त्याला विकला गेलेला म्हणालो. सगळ्यांसमोर. जो माणूस पोट दुखते म्हणून आपली भाकर मला देत होता, त्याला. घरी आलो आणि त्याच रागात हा फोटो काढून कात्रीने त्याला कापून टाकले. कापलेला तुकडा चुलीत घातला. आये बघत होती. काही बोलली नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बावीस वर्षे आम्ही एकाच गावात राहिलो आणि समोरासमोर आलो तर मान हलवायची, एवढेच. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी आहेर बायकोच्या हाती पाठवला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत तो गेला. त्या दिवसांत कोणाला जाता येत नव्हते, चार माणसांत सगळे उरकले. मी गेलो नाही हे कोणी मला विचारले नाही, कारण तसेही जाता येत नव्हते. मी मात्र स्वतःला विचारतो. सोय झाली होती माझी.

सहा महिन्यांनी त्याची मुलगी माझ्याकडे आली. आज ती इथे समोर बसली आहे, तिच्या परवानगीने सांगतोय. म्हणाली, काका, विहाराच्या वर्गणीदारांत बाबांचा फोटो लावायचा आहे, तरुणपणीचा तुमच्याकडे असेल. त्यांच्याकडची प्रत २६ जुलै २००५ च्या पावसात गेली होती. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, इकडे आपल्या गल्लीत पण पाणी शिरले होते. त्यांची ट्रंक खाटेखाली होती. फोटो एकमेकांना चिकटले, घाईघाईने सोडवताना चेहरे निघून आले. (ओले फोटो चिकटले तर ओढू नयेत. स्वच्छ पाण्यात ठेवले की आपोआप सुटतात, मग तोंड वर करून सावलीत वाळवायचे. हे मला खूप उशिरा एका स्टुडिओवाल्याकडून कळले. तुम्ही लक्षात ठेवा.) माझा डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. म्हणजे पाण्याने माझे काही नेले नाही. जे गेले ते मी कापले.

मी तिला हा अर्धा फोटो दाखवला. खोटे सांगता आले असते, उंदराने खाल्ला म्हणून. सांगितले नाही. ती बराच वेळ बघत बसली, मग तिने विचारले, यांच्या मागे कोण होते? तेव्हा माझ्या ध्यानात आले. तोवर मी फक्त दोस्ताचा विचार करत होतो. कात्री सरळ चालली होती, त्याच्या मागची मोठी आयही त्या तुकड्याबरोबर गेली. तिच्याशी माझे काय भांडण होते? तिचा दुसरा फोटो कुठेच नाही. तिचा नातू तळोज्याला असतो, त्याच्याकडेही नाही. ज्या बाईच्या गोठांवर आपण आज बसलो आहोत तिचा चेहरा आता फक्त आमच्यासारख्या सात-आठ जणांच्या डोक्यात आहे, आणि आम्ही म्हातारे होत चाललो आहोत.

फोटोवाल्याकडे गेलो. दुकानाच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. जुन्या निगेटिव्ह त्याने चांदी काढणाऱ्या भंगारवाल्याला किलोवर विकून टाकल्या होत्या. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढतात. मोठ्या आयेची चांदी कोब्यात गेली, आणि तिच्या फोटोची निगेटिव्ह भंगारात गेली.

मग मी घरोघर फिरायला लागलो. ज्यांच्याशी गटाच्या भांडणात बोलणे तुटले होते त्यांच्या घरीही गेलो. चहा मिळाला, एका घरी नुसते पाणी मिळाले, तेही बरोबरच होते. अडीच वर्षांत बारा घरांतून पिशव्या, आल्बम, ट्रंका बघितल्या. चिकट पानांचे आल्बम सगळ्यात वाईट, फोटो पिवळे पडून पानाला धरून बसले आहेत. जुने काळे-पांढरे फोटो धडधाकट आहेत आणि ऐंशी सालानंतरचे कलर फोटो लाल होऊन गेलेत. काचेला चिकटलेले फोटो तर सोडवताच येत नाहीत, ते काचेसकट परत उतरवून घ्यावे लागतात. मागे बॉलपेनने लिहिलेली नावे पुढे उमटली आहेत. पेन्सिलीने लिहा, आणि हळू लिहा.

नेरूळच्या एका घरात १९९६ च्या लग्नाचा आल्बम निघाला. नवरा-नवरीचा फोटो, आणि मागे पंगतीत बादली घेऊन डाळ वाढणारा माझा दोस्त. चेहरा अस्पष्ट आहे, बाजूने आहे, तोंड उघडे आहे, कोणाला तरी ‘घ्या, घ्या’ म्हणत असावा. तेवढा भाग मोठा करून घेतला. त्याच्या मुलीला दिला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, हेच खरे बाबा. तो फोटो आजपासून विहारात लागला आहे, दाराच्या उजव्या हाताला. माझ्या हाताने लावायला तिने सांगितले.

मोठी आय अजून सापडलेली नाही. म्हणून आता कामाचे बोलतो आणि बसतो. वर्ष १९९५ ते २००० मधले तुमच्याकडचे लग्नाचे, बारशाचे, जयंतीचे, वर्षावासाचे फोटो काढा. नवरा-नवरी बघू नका, मागची माणसे बघा. खूण सांगतो. उंच, काळीसावळी, कपाळावर डावीकडे बारीक वण, पांढऱ्या साडीला निळी किनार, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचलेला. बहुतेक वेळा चुलीजवळ किंवा पाण्याच्या पिंपाजवळ असेल, फोटोवाल्याकडे बघत नसेल. संशय आला तरी आणा. मी रविवारी सकाळी वंदनेनंतर बारा वाजेपर्यंत विहारातच असतो, सोबत भिंग आणि पेन्सिल असते. फोटो ठेवून घेणार नाही, तुमच्यासमोर मोबाइलमध्ये उतरवून लगेच परत देईन. ज्यांना माझ्याशी बोलायचे नसेल त्यांनी मुलांच्या हाती पाठवले तरी चालेल.

जयभीम.